कांद्याची चाळ आणि कामगारांची चाळ

मराठी भाषेत ‘चाळ’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वास्तूंना लावला जातो. एक चाळ मुंबईच्या गिरण्यांच्या आसऱ्याने वाढली आणि तिच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत श्रमजीवींच्या दोन-तीन पिढ्या दाटीवाटीने राहिल्या. दुसरी चाळ नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत शेताच्या बांधालगत उभी दिसते. तिच्यात कांदा राहतो. या दुसऱ्या चाळीची बांधणी मोठी विचारपूर्वक केलेली असते. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, त्यावर फटी ठेवून बसवलेल्या बांबूच्या वा लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही अंगांनी वारा खेळेल अशा भिंती आणि वर उन्हाची काहिली रोखणारे छप्पर. कांद्याचा थर चार-पाच फुटांहून उंच होऊ द्यावयाचा नाही, कारण तसे झाल्यास तळचा कांदा वजनाने दबतो आणि मधल्या कांद्यास वारा लागत नाही. माणसांच्या चाळी बांधताना घरमालकांनी वाऱ्याचा एवढा विचार केला असता, तर मुंबईतील क्षयरोगाचा इतिहास काही निराळा झाला असता.

या दोन चाळींमध्ये जो व्यवहार चालतो, त्याचा विचार समाजवादी चळवळीने पुरेशा गांभीर्याने केलेला नाही. कांदा महागला की शहरात मोर्चा निघतो, कांदा कोसळला की खेड्यात रास्ता रोको होतो, आणि दोन्ही ठिकाणी व्यासपीठावर बसणाऱ्या कार्यकर्त्याची ओढाताण होते. स्वस्त कांदा मागावा तर शेतकरी दुखावतो, रास्त भाव मागावा तर गृहिणी विचारते, आम्ही खावे काय? ही ओढाताण खरी आहे, परंतु तिचे मूळ भावात नाही, साठवणुकीत आहे. कांदा व बटाटा ही दोन पिके ठरावीक हंगामात निघतात आणि खाल्ली मात्र बारा महिने जातात. मधल्या काळात ती कोणाच्या ताब्यात असतात, हा खरा प्रश्न होय.

प्रश्नाची सुरुवात स्वयंपाकघरापासून केलेली बरी. बहुसंख्य मराठी घरांत कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत, ओट्याखाली, एकत्र पडलेले असतात. ही सोय असली तरी शास्त्राला धरून नाही. कांद्यास कोरडी, वाहती हवा लागते. हवेतील दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की त्यास सड लागते. बटाट्यास याच्या उलट अंधार आणि दमट गारवा हवा असतो. कोरड्या हवेत तो सुरकुततो आणि उजेडात हिरवा पडतो. हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, आणि ते उकडल्याने वा तळल्याने नाहीसे होत नाही. तो भाग खोल कापून टाकावा लागतो, आणि चव कडवट लागली तर सगळाच बटाटा. थोडक्यात, कांदा टांगावा आणि बटाटा झाकावा. जुन्या घरांत कांद्याच्या जुड्या आढ्याला लटकत असत आणि बटाटे माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गोणपाटाखाली असत, त्यामागे हाच अनुभव होता. अलिबागकडच्या स्त्रिया पांढऱ्या कांद्याच्या पातीसकट ज्या माळा विणतात, त्याही मुळात साठवणुकीची युक्तीच आहेत. बाजारात त्या शोभिवंत दिसतात हा नंतरचा भाग.

परंतु आढे कोणाच्या घरात आहे? माजघर कोणाकडे आहे? झोपडपट्टीतील पत्र्याच्या खोलीत, जेथे चार-पाच माणसे झोपतात आणि त्याच जागेत स्टोव्ह वा गॅस पेटतो, तेथे पावसाळ्यात कांदा आठवडाभरही टिकत नाही. म्हणून तेथील गृहिणी पावकिलो, अर्धाकिलो असा कांदा रोजच्या रोज घेते. वैशाखात जो सधन गृहस्थ थेट शेतकऱ्याकडून पोत्याने कांदा आणून गच्चीच्या खोलीत पसरतो, त्याला वर्षातील सर्वात कमी भाव पडतो. रोजंदारीवरची बाई दिवाळीच्या तोंडावर पावकिलोच्या भावाने तोच कांदा घेते, तेव्हा ती कांद्याबरोबर दुसऱ्या कोणाच्या तरी जागेचे भाडे, घट, व्याज आणि नफा हे सर्व देत असते. गरिबास माल महाग पडतो हे अर्थशास्त्रातील जुने निरीक्षण आहे. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

हे भाव चढले की प्रथम बदलते ते वाटण. मराठी रश्शाचा दाटपणा भाजलेल्या कांद्यावर आणि खोबऱ्यावर उभा असतो. कांदा महागला की गरीब घरात रस्सा पातळ होतो, डाळीचे पीठ लावून तो दाट केला जातो, किंवा मटणाच्या तुकड्यांबरोबर बटाट्याच्या फोडी टाकून भांडे भरले जाते. खाणावळीत ताटाच्या कडेला कांद्याऐवजी कोबीचा कीस येतो. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा हे ज्याचे एकमेव तोंडीलावणे आहे, त्या मजुराजवळ मात्र बदलण्याजोगे काही नसते. तो मिठाबरोबर भाकर खातो. कांदा भाजण्याचाही एक हिशेब आहे. चुलीच्या निखाऱ्यावर अखंड कांदा भाजणे फुकटात पडे, भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या आरावर ते काम होई. गॅसवर तेलात कांदा तांबूस होईपर्यंत परतणे हा स्वयंपाकातील इंधनखाऊ भाग आहे, आणि सिलिंडरचा भाव वाढला की कच्चट कांद्यावरच पाणी ओतले जाते. स्वयंपाक बिघडला म्हणून ओरडणाऱ्या नवऱ्यास हे ठाऊक नसते.

स्त्रियांनी या अडचणीवर आपल्या परीने उपाय शोधला होता. कोल्हापूर-सातारा भागातील कांदा-लसूण मसाला म्हणजे उन्हाळ्यातील स्वस्त कांदा वर्षभर टिकवण्याची रीत होय. कांदा चिरून वाळवावयाचा, तेलात तळावयाचा आणि मिरचीबरोबर कुटून बरणीत भरावयाचा. बटाट्याचा कीस, पापड, काचऱ्या ही वाळवणे त्याच जातीची. या कामात पाणी उडवून लावून पिकाचे आयुष्य दोन महिन्यांवरून वर्षावर नेले जाते. गुजरातेत महुवा येथे आणि आपल्याकडे जळगावला कांदा वाळवण्याचे जे मोठे कारखाने आहेत, ते तत्त्वतः याहून निराळे काही करीत नाहीत. मात्र घरच्या वाळवणास गच्ची लागते, चार दिवसांची फुरसत लागते आणि उन्हाळ्यात एकरकमी पैसा लागतो. तिन्ही गोष्टी रोजंदारीवरच्या बाईजवळ नसतात. परिणामी जी साठवण घरात फुकट होत असे ती आता पाकिटातून विकत येते.

आता दुसऱ्या चाळीकडे वळू. महाराष्ट्रात कांदा तीन वेळा निघतो. पावसाळी लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा हे पाण्याने भरलेले असतात, ते टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. मार्चअखेरपासून मेपर्यंत निघणारा उन्हाळ कांदा तेवढा टिकतो, आणि देशाच्या वार्षिक उत्पादनात त्याचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक आहे. जून ते ऑक्टोबर देश जेवतो तो याच कांद्यावर. तो टिकवण्याचे काम चाळीत नव्हे, शेतातच सुरू होते. काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतात असा पसरावयाचा की एकाची पात दुसऱ्या कांद्यावर यावी आणि उन्हाने तो भाजू नये. नंतर मान पिळून इंचभर ठेवून पात कापावयाची, सावलीत दहा-बारा दिवस सुकवावयाचा, जोड कांदे, डेंगळे आलेले आणि जाड मानेचे बाजूस काढावयाचे. हे सारे काम प्रामुख्याने बायका करतात. पुढे चाळीत कांदा नासू लागला म्हणजे तो निवडण्याचे कामही त्यांच्याच माथी येते. श्रावणातल्या दमट हवेत काजळी धरलेल्या, पाणी सुटलेल्या कांद्याच्या वासात दिवसभर बसून जी मजुरी मिळते, ती कांद्याच्या भावाबरोबर वाढल्याचे ऐकिवात नाही.

साठवणारा शेतकरी साठेबाज असतो, असा एक समज शहरात आहे. त्याची परीक्षा साध्या त्रैराशिकाने होऊ शकते. समजा, एका शेतकऱ्याने मे महिन्यात शंभर क्विंटल कांदा चाळीत भरला आणि त्या वेळचा भाव क्विंटलला हजार रुपये होता. म्हणजे त्याने एक लाख रुपये चाळीत कोंडले. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत वजनातील घट, सड आणि कोंब मिळून तीस ते चाळीस टक्के माल जातो. मधला आकडा धरला तर ऑक्टोबरात पासष्ट क्विंटल हाती राहतात. नुसते आपले लाख रुपये परत यावयाचे तर भाव १,५३८ रुपये व्हावा लागतो. त्याने घरखर्चासाठी सावकाराकडून दरमहा शेकडा तीन व्याजाने तेवढीच रक्कम उचलली असेल, तर पाच महिन्यांचे पंधरा हजार मिळवून भाव १,७६९ वर जावा लागतो. निवडणीची मजुरी, चाळीची झीज, वाहतूक, हमाली, तोलाई हे याखेरीज. म्हणजे भाव पाऊणपटीने वाढला तरी शेतकऱ्याच्या पदरी थांबण्याबद्दल एक पैसाही पडत नाही. ज्याच्याजवळ बँकेचे स्वस्त भांडवल आणि सुधारलेली चाळ आहे, त्याचे गणित अर्थातच निराळे होते. एकच कांदा, एकच पाऊस. फरक फक्त भांडवलाचा.

आणि ज्याला मुळीच थांबता येत नाही त्याचे काय होते, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो लाल कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. किलोला एक रुपया भाव निघाला, भाडे-हमाली-तोलाई वजा जाता त्याच्या हातावर दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढील तारखेचा. त्या कांद्यास चाळीत ठेवणे शक्यच नव्हते, कारण तो टिकणाऱ्या जातीचा नव्हता. अशा मालाचा एकच उपाय असतो, तो म्हणजे वाळवण. आणि गावाच्या मालकीचा वाळवणीचा कारखाना त्या परिसरात असता, तर त्या गोण्यांना दोन रुपयांहून काही अधिक मिळाले असते, एवढे निश्चित.

बटाट्याची कथा वेगळ्या दिशेने त्याच ठिकाणी पोहोचते. महाराष्ट्रात बटाटा थोडा पिकतो. पुणे जिल्ह्यात मंचर-खेडच्या परिसरात आणि सातगाव पठारावर शेतकरी बटाट्याची अरण लावतात, म्हणजे सावलीत ढीग घालून त्यावर गवत-पाचट पसरतात; साल पक्की होईतो आणि बाजार जरा सावरेतो तेवढी सवड मिळते. पण मुंबई-पुण्याचा बटाटा मुख्यतः उत्तर भारताच्या आणि गुजरातच्या शीतगृहांतून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्रा परिसरात पीक निघते, शीतगृहांत भरते आणि नोव्हेंबरपर्यंत हळूहळू बाहेर येते. दोन ते चार अंशांच्या थंडीत कोंब थांबतात, परंतु बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. म्हणून शीतगृहाचा बटाटा तळला की चटकन काळपटतो आणि वड्याचे सारण गुळमट लागते. असा बटाटा आठ-पंधरा दिवस बाहेरच्या हवेत ठेवला तर गोडवा बराच उतरतो. कारखान्यांचा वेफर्सचा बटाटा याच कारणास्तव दहा-बारा अंशांवर, कोंब रोखणारे औषध देऊन, निराळा ठेवलेला असतो. वडापाव हे ज्या कामगाराचे दुपारचे जेवण आहे, त्याच्या वाट्यास साधे शीतगृह येते.

शीतगृहात थंडी असते तशी सत्ताही असते. उत्तर प्रदेशात शीतगृहाचा मालक बटाट्याच्या तारणावर शेतकऱ्यास उचल देतो. पश्चिम बंगालमध्ये शीतगृहाच्या पावतीस ‘बाँड’ म्हणतात आणि माल जागचा न हलता बाँडचाच व्यापार होतो. भाव वाढला तर बाँड ज्याच्या हाती आहे तो नफा घेतो. भाव कोसळला तर? २०१७ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात असे घडले, की भाडे भरून माल सोडवण्यापेक्षा तो तेथेच टाकून देणे शेतकऱ्यास परवडले. शीतगृहांनी तो बाहेर फेकला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लखनौच्या विधानभवनासमोरील रस्त्यावर बटाट्याचा सडा पडला होता. नुसती शीतगृहे वाढवली म्हणजे शेतकरी सुखी होतो, ही समजूत त्या सड्यावरून तपासून पाहण्यासारखी आहे.

चळवळीच्या इतिहासाकडे वळले तर हीच दुभंगलेली दृष्टी दिसते. १९७२ च्या दुष्काळी महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९८० साली चाकणला शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभारले. पहिले आंदोलन समाजवाद्यांना आपले वाटले. दुसऱ्याबद्दल त्यांच्या मनात अखेरपर्यंत किंतु राहिला. जोशी यांचा खुल्या बाजारावरील विश्वास समाजवाद्यांना पटणारा नव्हता, आणि तो पटण्याजोगा नव्हताही. कारण ज्याच्याजवळ चाळ नाही त्याला बाजार खुला करून काय मिळणार? परंतु शेतमालाचे भाव शहरासाठी दाबले जातात हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते मान्य करण्यास डाव्यांनी फार उशीर केला.

सरकारांनी मात्र दोन्ही बाजूंना फसवण्याची कला साधली आहे. जून २०२० मध्ये अध्यादेश काढून कांदा-बटाटा अत्यावश्यक वस्तूंच्या नित्य नियंत्रणातून मोकळा केल्याचे केंद्राने जाहीर केले. सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि ऑक्टोबरात व्यापाऱ्यांच्या साठ्यावर पुन्हा मर्यादा आली. तो कायदा अन्य दोन कृषी कायद्यांसह २०२१ मध्ये मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये, ऐन चाळी उघडण्याच्या वेळी, निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्णपणे जावयास १ एप्रिल २०२५ उजाडला. सरकारी राखीव साठ्याचे लक्ष्य २०२३-२४ मध्ये पाच लाख टनांवर नेले गेले. राखीव साठ्याचे तत्त्व समाजवाद्यांनी मान्यच केले पाहिजे. पण त्याची खरेदी बाजार समितीच्या उघड लिलावात न होता मध्यस्थ संस्थांमार्फत होते, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. सड, घट, व्याज हा साठवणुकीचा तोटा खाजगी ठेवावयाचा आणि भाव चढण्याची वेळ आली की वरून झाकण बसवावयाचे, असा हा न्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा कांद्यात सुमारे ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. उरलेल्या चौसष्ट पैशांत वाहतूक आहे, नासाडी आहे, दुकानदाराची उपजीविका आहे. पण थांबू शकणाऱ्याचा नफाही त्यातच आहे.

तंत्रज्ञानाकडे बोट दाखवून हा प्रश्न टाळला जातो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र या शतकाच्या आरंभापासून उभे आहे. किरणांचा मारा केलेल्या कांद्यास कोंब फुटत नाहीत. सड आणि घट मात्र त्याने थांबत नाही, त्यासाठी पुढे थंडावा लागतोच. शून्य-दोन अंशांवर कांदा उत्तम टिकतो, पण बाहेर काढल्यावर त्यास पाणी सुटते व कोंब येतात, म्हणजे तो लगेच विकावा लागतो. राज्य शासनाने २०२४ साली विकिरणाच्या आधारे ‘कांदा महाबँक’ घोषित केली. बँक म्हटली की ठेवीदार कोण आणि संचालक कोण हे आधी विचारावे लागते.

आज चाळीसाठी अनुदान आहे. अनेक वर्षे ते टनास कमाल ३,५०० रुपये या दराने मिळत होते. पण प्रथम पदरमोड करून चाळ उभारावयाची आणि मग पैसे मागावयाचे, आणि त्यासाठी सात-बारावर नाव व कांद्याची नोंद हवी. खंडाने वा वाट्याने कसणारा तेथेच बाद होतो. शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे, परंतु ती रचली गेली तूर, सोयाबीन, हळद, बेदाणा अशा टिकाऊ मालासाठी. नासणाऱ्या मालावर कर्ज कोण देईल, असे बँका विचारतात. घट धरूनच मालाच्या निम्म्या किमतीवर उचल दिली आणि चाळ गावाच्या सोसायटीच्या ताब्यात ठेवली, तर हा धोका सोसण्याजोगा आहे. सहकारात साखरसम्राट झाले तसे कांदासम्राट होतील, ही भीती रास्त आहे. म्हणून चाळीच्या व्यवस्थापनात निवडणी करणाऱ्या बायकांना मताचा अधिकार असावा, केवळ सात-बारावाल्यांना नव्हे.

शहराच्या टोकालाही नमुने नाहीत असे नाही. हमाल पंचायतीने १९७४ साली पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली आणि झुणका-भाकर श्रमिकाच्या ऐपतीत आणली. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजाऱ्यांचे गट करून एकत्रित खरेदी चालवली. पहिला प्रयोग कष्टकऱ्यांचा होता, दुसरा बव्हंशी मध्यमवर्गीयांचा राहिला. एका खोलीत पोते ठेवता येत नाही हे खरे. पण पन्नास खोल्यांमागे एक हवेशीर कोठी, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर का होईना, मागता येते, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्यात ती मागितली पाहिजे. वाहनतळासाठी जागा सापडते.

नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतील शाखांनी आपापल्या गावांत किती चाळी आहेत, त्या कोणाच्या आहेत आणि ज्यांना चाळ नाही ते आपला कांदा कोणाच्या चाळीत, कोणत्या अटीवर ठेवतात याची नोंद करावी. मुंबई-पुण्याच्या शाखांनी वस्त्यांमधून एक कुटुंब आठवड्यास किती कांदा-बटाटा कितीच्या भावाने घेते हे वर्षभर, दर महिन्यास टिपून ठेवावे. दोन्ही वह्या एकत्र मांडल्यावाचून गावच्या सोसायटीला वस्तीच्या गटाशी काय भाव ठरवता येईल, हे सांगता येणार नाही. उन्हाळ कांद्याची काढणी मार्चअखेर सुरू होते. नोंदी त्यापूर्वी हाती असाव्यात.